जंगलातील वनस्पती आणि किरणोत्सारी सीझियम

अणुभट्टीच्या अपघातानंतर हवेतून जमिनीवर उतरलेली किरणोत्सारी द्रव्ये वनस्पती मुळांवाटे शोषून घेतात. जंगलात यांपैकी सर्वांत चिवट ठरले ते सीझियम-१३७. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, सुमारे ३० वर्षे आहे. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची (आजचे युक्रेन) चौथी अणुभट्टी फुटल्यावर युक्रेन, बेलारूस, जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातील जंगलांत या प्रक्रियेचा बारकाईने अभ्यास झाला.

सुरुवातीला मुळांचा फारसा संबंध नसतो. धूळ आणि पाऊस यांतून आलेली द्रव्ये पाने, साल आणि फांद्यांवर अडकतात. चेर्नोबिललगतचे पाइनचे रान तर प्रारणाच्या माऱ्यानेच तांबूस होऊन मेले. हेच ते ‘लाल जंगल’. तिथली झाडे पाडून खंदकांत पुरली गेली. इतरत्र पाने गळली, पावसाने झाडे धुतली गेली आणि सीझियम जमिनीवर आले. खरी गोष्ट इथून पुढची.

सीझियम रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमचा भाऊबंद. मुळांना दोघांत नीट फरक करता येत नाही, त्यामुळे पोटॅशियमच्या वाटेने तेही आत शिरते. शेतात चिकणमातीतील इलाइटसारखी खनिजे आपल्या थरांच्या कडांमध्ये त्याला घट्ट धरून ठेवतात, शिवाय खतातून पोटॅशियम मिळते आणि नांगरटीने सीझियम खोल जाते. जंगलात यातले काहीच नसते. वर कुजक्या पालापाचोळ्याचा आम्लधर्मी थर, त्यात खनिज माती नावापुरती, आणि पोटॅशियमचा तुटवडा. हा तुटवडाच कळीचा आहे. पानांसोबत खाली पडलेले प्रत्येक पोषकद्रव्य जंगल पुन्हा वर ओढते आणि त्याच फेऱ्यात सीझियमही वर्षानुवर्षे फिरत राहते. युक्रेन-बेलारूस सीमेवरच्या पोलेसियातील रेताड व दलदलीच्या जमिनीत म्हणूनच तुलनेने कमी प्रदूषणही अन्नात जास्त उतरले.

सगळ्या वनस्पती सारख्या नसतात. उथळ मुळांची बिलबेरीची झुडपे वरच्याच थरातून पोषण घेतात, त्यामुळे त्यांच्या फळांत सीझियम सहज उतरते. जपानमध्ये २०११च्या फुकुशिमा अपघातानंतर कोशिआबुरा या झाडाचे कोवळे कोंब, म्हणजे वसंतातली आवडती रानभाजी, विशेष प्रदूषित आढळले. अळिंबी वनस्पती नव्हे, पण ती सोडून हा विषय पुरा होत नाही. मुळांशी जोडलेले तिचे कवकजाल सीझियम साठवते. जमिनीच्या पोटात वाढणारी ‘हरणाचे ट्रफल’ ही अळिंबी माणूस खात नाही, रानडुकरे मात्र उकरून खातात. त्यामुळे जर्मनीच्या दक्षिणेत त्यांच्या मांसात किलोमागे ६०० बेकेरेलची (बेकेरेल हे किरणोत्साराचे एकक) विक्रीमर्यादा आजही ओलांडली जाते. या सीझियमचा काही भाग चेर्नोबिलच्याही आधीच्या अणुचाचण्यांचा आहे.

जमिनीतून वनस्पतीत किती सीझियम गेले हे मोजण्यासाठी वनस्पतीतील प्रतिकिलो किरणोत्साराला जमिनीच्या प्रतिचौरस मीटर किरणोत्साराने भागतात. जंगलाची माती थराथराने बदलते, म्हणून मातीच्या वजनाचा आधार इथे फसवा ठरतो.

अपघातातून पसरणारे दुसरे किरणोत्सारी द्रव्य स्ट्राँशियम-९०. त्याचे वागणे वेगळे: ते कॅल्शियमसारखे, मातीत सैल आणि लाकडातही साठणारे. अशा जंगलातले सरपण जाळले की लाकडातील सीझियम व स्ट्राँशियम राखेत एकवटते, आणि तीच राख परसातल्या बागेत खत म्हणून टाकली जाते.

उपाय थोडेच. पोटॅशियम खत दिल्यास शोषण घटते, पण ते शेतात जमते. शेकडो चौरस किलोमीटर रानात कोण टाकणार? पालापाचोळा खरवडून काढला तर प्रदूषणासोबत जंगलाची सुपीकताही जाते आणि उतारावरची माती वाहू लागते.