ग्रोथ प्लेटची दुखापत आणि हाडांतील व्यंग (मुलांमधील)

वाढत्या वयातील मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा, म्हणजे मऊ लवचिक ऊतीचा, एक पातळ थर असतो. हाडाची लांबी याच थरातून वाढते. मराठीत त्याला वृद्धिपट्टी म्हणता येईल. दवाखान्यात मात्र डॉक्टर आणि पालक दोघेही ग्रोथ प्लेटच म्हणतात. मुलींमध्ये साधारण १३ ते १५ आणि मुलग्यांमध्ये १५ ते १७ या वयात तिचे हाडात रूपांतर होते व उंची थांबते. लहानपणच्या फ्रॅक्चरपैकी अंदाजे १५ ते ३० टक्के फ्रॅक्चर या थरातून जातात. बहुतेक निमूट भरून येतात. जी येत नाहीत, त्यांचा त्रास प्लास्टर निघाल्यानंतर सुरू होतो.

या थरातील पेशी नाण्यांच्या चळतींसारख्या रांगांनी रचलेल्या असतात. टोकाकडच्या पेशी राखीव, त्यापुढच्या विभागणाऱ्या, मग फुगणाऱ्या आणि शेवटी चुना धरून हाड होणाऱ्या. फुगलेल्या पेशींच्या पट्ट्यात मधला आधार विरळ असतो, म्हणून थर बहुधा तिथेच फाटतो. सांध्याचे अस्थिबंध (लिगामेंट) त्याहून चिवट असतात. ज्या मुरगळण्याने मोठ्या माणसाचा अस्थिबंध ताणला असता, त्याच मुरगळण्याने बारा वर्षांच्या मुलाची ग्रोथ प्लेट सरकू शकते. ‘मुरगळलाय, तेल चोळा’ हा घरगुती सल्ला म्हणूनच मुलांना लागू पडत नाही. सुजेबरोबर नेमके हाडाच्या टोकावर दाबून दुखत असेल आणि पाय टेकवत नसेल, तर एक्स-रे काढावा. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, तिथे काळी फट दिसते. त्यामुळे फट पाहून हाड मोडले असे वाटणे आणि मोडलेले असून नेहमीची फट वाटणे, या दोन्ही चुका होतात. शंका असल्यास दुसऱ्या बाजूच्या निरोगी सांध्याचा एक्स-रे शेजारी ठेवून पाहतात.

गोव्यात मुले पडण्याची निमित्ते ऋतूप्रमाणे बदलतात. उन्हाळ्यात काजू-आंब्याची झाडे, पावसात शेवाळलेले चिऱ्यांचे गडगे, आणि चिखलातला फुटबॉल. हात टेकून पडल्यास मनगट, फुटबॉलमध्ये घोटा आणि गुडघा. दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाची टाच चाकाच्या तारांत अडकते, ती दुखापत फसवी असते: पहिल्या दिवशी साधे खरचटणे दिसते, कातडी काळी पडून मेल्याचे दोन-चार दिवसांनी कळते.

वर्गीकरण टोरांटोच्या साल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ साली मांडलेले वापरतात. पहिल्या प्रकारात चीर केवळ थरातून जाते. दुसऱ्यात ती दांड्याकडे (हाडाच्या मधल्या लांब भागाकडे) वळून हाडाचा त्रिकोणी तुकडा सोबत नेते. हा सर्वांत जास्त आढळतो. तिसऱ्यात चीर टोकाकडे वळून सांध्यात उघडते, चौथ्यात टोक, थर आणि दांडा तिन्ही चिरले जातात, आणि पाचव्यात थर चेंगरतो. पाचवा पहिल्या एक्स-रेत जवळजवळ दिसतच नाही; महिन्यांनी वाढ खुंटल्यावर ओळखला जातो. प्रकाराइतकेच महत्त्व जागेला आहे. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या थरातून, वर्षाला ९ ते १० मिमी होते. तिथे फ्रॅक्चर झालेल्या जवळजवळ निम्म्या मुलांत वाढीत बिघाड राहतो; मनगटाजवळ हे प्रमाण शंभरात चार-पाच इतके कमी आहे.

पडल्यावर हातपाय ओढून सरळ करू नये. आहे त्या स्थितीत फळी किंवा जाड पुठ्ठा, वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरून, सैल बांधावा. बोटांचा रंग, ऊब आणि स्पर्श पाहावा. बोटे थंड किंवा पांढरी पडली तर वेळ न घालवता १०८ बोलवावी. गुडघ्याजवळचे हाड सरकले की मागची रक्तवाहिनी दबू शकते. मुलाला खायला काही देऊ नये. जेवणानंतर साधारण सहा तास भूल देता येत नाही, आणि वाटेत प्रेमाने दिलेल्या बिस्किटांमुळे शस्त्रक्रिया खोळंबते.

हाड बसवायचे ते पूर्ण भूल देऊन, ओढ जास्त आणि ढकलणे कमी अशा बेताने, एक-दोन प्रयत्नांतच. पुन:पुन्हा घासल्याने थर आणखी फाटतो. पाच-सात दिवस उलटून गेलेले पहिल्या-दुसऱ्या प्रकारचे फ्रॅक्चर तर बळाने हलवूच नये. थोडा तिरपेपणा राहिला तरी तो वाढीबरोबर बराच सुधारतो. आधी हाडवैद्याकडे घट्ट पट्टी बांधून आठवड्याने आलेले मूल नेमके या अडचणीत सापडते. सांध्याच्या पृष्ठभागात २ मिमीहून अधिक पायरी असेल, तर शस्त्रक्रिया करून ती जुळवतात. थर ओलांडावा लागला तर गुळगुळीत तारच घालतात, आट्यांचा स्क्रू नाही. स्क्रू थराला समांतर बसवतात. मनगटाचे प्लास्टर तीन-चार आठवडे, गुडघ्याचे चार ते सहा. पावसाळ्यात प्लास्टर भिजून मऊ पडले की आतले हाड सरकते, हे सांगूनही दर वर्षी घडते.

थराच्या दोन बाजूंमध्ये हाडाचा पूल तयार झाला की तेवढी जागा वाढायची थांबते. पूल मध्यभागी असेल तर हाड आखूड राहते. कडेला असेल तर दुसरी बाजू वाढत राहून हाड वाकते. दुखापतीनंतर एक्स-रेत दांड्यात एक बारीक पांढरी रेघ उमटते. ती थराला समांतर पुढे सरकत असेल तर वाढ चालू आहे, तिरपी होऊन थराला टेकत असेल तर पूल तिथेच आहे. ही रेघ पाहण्यासाठी सहा महिन्यांनी परत यायचे असते. पण प्लास्टर निघते, शाळा सुरू होते आणि घरचे ती तारीख विसरतात. गुडघा व घोट्याच्या फ्रॅक्चरनंतर निदान दोन वर्षे तपासणी चालू ठेवावी.

थराच्या निम्म्याहून कमी भागात पूल असेल आणि दोन वर्षांची वाढ शिल्लक असेल, तर तो कोरून काढून पोकळीत चरबी भरतात. पुलाचा नेमका आकार आधी एमआरआयवर मोजतात. यश दरवेळी येत नाही.

वाकलेल्या गुडघ्यासाठी वाकाच्या फुगीर बाजूला आठाच्या आकाराची छोटी पट्टी दोन स्क्रूंनी बसवतात. ती बाजू रोखली जाते, दुसरी वाढते आणि पाय महिन्याला साधारण एक अंशाने सरळ होतो. दर तीन महिन्यांनी पाहावे लागते. पट्टी काढायला उशीर झाला तर पाय उलट दिशेला वाकतो. ज्या बाजूने वाढायचे तीच पुलाने बांधली गेली असेल, तर पट्टीचा उपयोग नाही. तिथे हाड कापून कोन बदलावा लागतो.

प्रत्येक वाकडा पाय आजार नसतो. दोन वर्षांपर्यंत पाय बाहेर वाकलेले आणि तीन-चार वर्षांच्या वयात गुडघे एकमेकांना लागणारे असणे स्वाभाविक; सातपर्यंत ते बहुधा सरळ होतात. एकच पाय वाकडा असेल किंवा वाक वाढत असेल, तर तपासून घ्यावे; मनगटे जाड दिसत असतील, तर मुडदूस (रिकेट्स) तपासावा. गोव्याच्या उन्हात तो होत नाही, ही समजूत चुकीची आहे. व्हिटॅमिन डी किमान १२ आठवडे आणि रोज ५०० मिग्रॅ कॅल्शियम हा मुडदुसाच्या उपचाराचा पाया. तो न घालता केलेली शस्त्रक्रिया वाया जाते, पाय पुन्हा वाकतो.

लांबीतला २ सेंमीपर्यंतचा फरक बुटाच्या उंचीने भागतो. २ ते ५ सेंमी फरकासाठी चांगल्या पायाचा थर योग्य वयात बंद करतात. ‘चांगल्या पायाला हात कशाला?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की ही शस्त्रक्रिया लहान, आणि आखूड पाय लांबवणे मोठे. दिवस मात्र हाडाचे वय (हाड किती पक्व झाले आहे ते) पाहून ठरवावा लागतो. त्याहून जास्त फरकाला इलिझारोव्हची रिंग, म्हणजे हाडातून घातलेल्या तारांनी धरलेली बाहेरची गोल चौकट, लावून आखूड हाड हळूहळू लांबवतात.

गोव्यात असे रुग्ण म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांतून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) येतात. राज्याच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड असल्यास सोबत आणावे. पहिल्या दिवसाचा एक्स-रेही आणावा. पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशी होते.

रिंग लावल्यावर पाच-सात दिवस थांबून नट फिरवायला सुरुवात होते: दिवसाला १ मिमी, पाव-पाव करून चार वेळा. ५ सेंमीला ५० दिवस फिरवणे, आणि नवे हाड टणक व्हायला त्याच्या दुप्पट काळ. तारांभोवतीची कातडी रोज सलाइनने पुसायची. तळीत किंवा समुद्रात उतरणे बंद. नट घरीच फिरवतात, म्हणून त्याची दिशा पहिल्याच दिवशी रिंगवर पक्क्या शाईने बाणाने दाखवून घ्यावी.