क्रँक पुलीचा बोल्ट उलट्या आट्यांचा नसतो

क्रँकशाफ्ट पुलीचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकावरच्या, पट्टा फिरवणाऱ्या चाकाचा) बोल्ट हलेना की कुणीतरी हमखास सांगतं, "उलटे आटे आहेत, घड्याळाच्या दिशेने फिरव." कृपया असं करू नका. बहुतेक सर्व गाड्यांत हा बोल्ट साध्या, उजव्या आट्यांचाच असतो, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. घड्याळाच्या दिशेने फिरवून तो आणखी आवळला जातो, कधी डोकंच तुटतं. होंडाची काही जुनी इंजिनं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, तरी त्यांचाही बोल्ट उजव्या आट्यांचाच! खात्री हवी तर गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा.

मग तो इतका घट्ट का? मुळातच जबर टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळलेला असतो; अनेक इंजिनांत दीडशे-दोनशे न्यूटन-मीटरच्या पुढे. त्यावर वर्षानुवर्षांचा गंज.

खरी अडचण वेगळीच आहे. जोर लावला की क्रँकच फिरतो. म्हणून आधी पुली धरणारं हत्यार किंवा फ्लायव्हील लॉक (क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं जड चाक अडकवून ठेवणारं हत्यार) लावा. टायमिंगच्या पिनांवर (टायमिंग जुळवताना क्रँक-कॅम योग्य जागी ठेवणाऱ्या पिनांवर) मात्र भार टाकू नका; त्या फक्त जागा दाखवायला असतात, वाकतात किंवा तुटतात. मग सहा कोनांचा सॉकेट आणि लांब दांडा. इम्पॅक्ट रेंच (धक्के देत बोल्ट फिरवणारं यंत्र) असेल तर सॉकेटला जोडायचं एक्स्टेंशन आखूड ठेवा, कारण लांब एक्स्टेंशन पिळवटून धक्का स्वतःच गिळतं.

बोल्टवरचा दांडा कशाला तरी अडकवून, स्टार्टरने इंजिन क्षणभर फिरवून बोल्ट सोडवण्याची युक्ती धोक्याची आहे. दांडा निसटला तर हाड मोडेल. आणि वर सांगितलेल्या, उलट फिरणाऱ्या होंडा इंजिनांत या युक्तीने बोल्ट सुटत नाही, उलट आवळतो.