झीन

झीन म्हणजे एकट्यादुकट्याने किंवा चार मित्रमैत्रिणींनी मिळून स्वतः लिहिलेली, चितारलेली, घडी घालून आणि झेरॉक्स काढून वाटलेली लहानशी पुस्तिका. मजकूर, चित्रे, मांडणी आणि वाटप ही सगळी कामे ज्याची त्यानेच करायची. मध्ये संपादक नाही, प्रकाशक नाही. प्रती थोड्याच निघतात. किंमत झेरॉक्सच्या खर्चाएवढी, नाहीतर काहीच नाही. आपल्याजवळ सांगण्यासारखे काही आहे आणि ते आपल्याच हातचे असावे, एवढेच झीन करण्यामागचे कारण असते आणि ते पुरेसे आहे.

शब्द इंग्रजी ‘मॅगझिन’चे शेपूट आहे. विज्ञानकथांच्या वाचकांनी १९३०मध्ये शिकागोतून काढलेले ‘द कॉमेट’ हे या प्रकारातले पहिले मानले जाते. ‘फॅनझीन’ हा शब्द लुई रसेल शोव्हने याने १९४०मध्ये वापरला. १९७६मध्ये लंडनच्या पंक संगीतवेड्यांनी ‘स्निफिन ग्लू’ काढले. पुढे १९९०च्या सुमारास अमेरिकेतल्या तरुण मुलींनी आपले राग, आपली दुखणी अशा पुस्तिकांतून मांडली. फोटोकॉपीचे यंत्र कोपऱ्यावरच्या दुकानात आले, तसे हे सारे स्वस्त आणि सोपे झाले.

मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. ‘शब्द’, ‘असो’ यांसारख्या अनियतकालिकांनी प्रस्थापित मासिकांना बाजूला सारून आपला मजकूर आपणच काढला; ‘शब्द’ तर सायक्लोस्टाइल करून निघत असे. ती मुंबईची गोष्ट. कोकणातल्या मुलाला त्याहून जवळचे म्हणजे शाळेचे ‘हस्तलिखित’. वळणदार अक्षराच्या मुलींनी मजकूर उतरवायचा, चित्रकलेच्या सरांनी मुखपृष्ठ रंगवायचे आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन व्हायचे. पण हस्तलिखिताची प्रत एकच. प्रकाशन झाले की ते कपाटात जाते आणि दोन पावसाळ्यांत पानांना बुरशी धरते. ज्यांनी जीव ओतून ते केले, त्यांच्या घरी त्यातले एक पानही पोचत नाही. मुलांच्या लिखाणाचे यापेक्षा वाईट काय व्हायचे? झीनच्या प्रती निघतात, हा खरा फरक.

सर्वांत सोपे झीन एका ए-फोर कागदाचे, आठ पानांचे. कागद आडवा धरून उभ्या तीन घड्या आणि मधोमध एक आडवी घडी घातली की आठ चौकटी पडतात. प्रत्येक साधारण ७४ बाय १०५ मिलिमीटर, म्हणजे तळहाताएवढी. मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन चौकटींच्या लांबीएवढा छेद द्यायचा. मग कागद लांबीत दुमडून दोन्ही टोके एकमेकांकडे ढकलली की छेद उघडतो, चार पाने फुलीसारखी उभी राहतात आणि ती एका बाजूला वळवली की पुस्तिका तयार. ना टाचणी, ना दोरा. चुकते ते पानांच्या क्रमात. कागद उलगडलेला असताना खालच्या ओळीत डावीकडून मलपृष्ठ, मुखपृष्ठ, दोन, तीन. वरच्या ओळीत उजवीकडून चार, पाच, सहा, सात, आणि ही वरची ओळ उलटी लिहायची. आधी कोऱ्या कागदाची घडी घालून पानांवर आकडे टाकावेत आणि मग उलगडून पाहावे, म्हणजे गोंधळ होत नाही. झेरॉक्सचे यंत्र कडेचा सुमारे अर्धा सेंटिमीटर सोडते, तिथपर्यंत मजकूर नेऊ नये. पेन काळे असावे. फिकी पेन्सिल आणि फिका निळा प्रतीत उतरत नाहीत.

रंग हवा असेल तर प्रत्येक प्रतीवर हाताने द्यावा लागतो, आणि कोकणात त्याला बाजारात जावे लागत नाही. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल पाण्यात कुस्करली की गर्द लाल पाणी मिळते. त्याचा पुसट हात कागदावर फिरवून वर चुन्याचे बोट लावले की लाल रंग निळसर-हिरवट होतो. उन्हात तो विटतो, हे ध्यानात ठेवावे. जांभ्या दगडाची धूळ पाण्यात कालवून लावली तर विटकरी रंग येतो. चित्रे चिकटवायला भाताचे शीत चालते. पण शीत आणि खळ कसरीला आवडते, म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालतात.

विषय दारातच असतात. समजा, वेंगुर्ल्याच्या किंवा हर्णैच्या धक्क्याजवळ राहणाऱ्या मुलीने पौर्णिमेपासून सप्तमीपर्यंत रोज भरतीची वेळ टिपली आणि पाणी धक्क्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले ते चितारले. आठ तिथी, आठ पाने. भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास असलेली भरती शेवटच्या पानावर संध्याकाळी सहाकडे येते. दरम्यान उधाण, म्हणजे मोठी भरती, ओसरून भांग, म्हणजे लहान भरती, लागत आलेला असतो, आणि हे पान उलटताना डोळ्यांना दिसते: एकेक पायरी कोरडी पडत जाते. उधाण-भांगाचे पाठ्यपुस्तकातले चित्र इतके बोलत नाही.

दुसरे मोल बोलीचे. मालवणीत ‘माका’, ‘तुका’, ‘खय’ लिहिले की शाळेच्या वहीत तांबडी रेघ पडते. झीनमध्ये रेघ मारणारा कोणी नाही. आजीने कुळथाची पिठी कशी करायची ते ज्या शब्दांत सांगितले, त्याच शब्दांत ते उतरते. शुद्ध करायला गेले तर त्यातली आजी निघून जाते. दशावताराच्या रात्री, शिमग्याची पालखी, पावसानंतर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उगवणारी रानफुले आणि त्यांची वाडीतली नावे यांनाही हीच चौकट सोयीची आहे.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी परंपरा येथे काही जणांना आठवेल. ठाकर कलावंत कागदावरची चित्रे एकामागून एक दाखवत वीणा, हुडूक आणि टाळांच्या साथीने रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात; चित्रांच्या एका संचाला पोथी म्हणतात. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. तिला झीन म्हणणे मात्र योग्य नाही. ती पिढ्यांनी जपलेली विद्या आहे, तर झीन ज्याचे त्याचे असते. चित्रातून चित्राकडे कथा कशी न्यावी, हे मात्र झीन करणाऱ्याने त्या पोथ्यांसमोर बसून शिकण्यासारखे आहे.

वाटपाला कोकणात गणपतीचे दिवस बरे. चाकरमानी घरी आलेले असतात आणि परतताना नारळ, कोकमांबरोबर पाच-सहा प्रती पिशवीत सहज जातात. मूळ कागद घडी न घालता, सपाट, वेखंडाच्या तुकड्याबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी त्यावरून पुन्हा प्रती काढता येतात.