आकडा आला, पण तो खरा आहे का?

नव्या प्रोसेसरचं मशीन घेतलं, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चढवली, ब्राउझर उघडला, सगळं ठीक. मग एखादा प्रोग्राम का रेंगाळतोय हे बघायला 'पर्फ' चालवलं, तर ते दोन-चार ढोबळ आकडे देतं आणि पुढे गप्प. २००९पासून लिनक्सच्या कर्नलसोबत, म्हणजे तिच्या गाभ्यासोबत, येणारं हे साधन बिघडलेलं नसतं. त्याची या चिपशी अजून ओळख झालेली नसते, इतकंच.

आजच्या बहुतेक प्रोसेसरांमध्ये आत काय किती वेळा घडलं याच्या मोजणीसाठी काही खास काउंटर बसवलेले असतात; पर्फ आपले आकडे त्यांच्याकडूनच घेतं. इंटेलच्या १९९३च्या पेंटियममध्ये असे दोन होते. त्यांचा तपशील कंपनीने सर्वांसाठी खुला केला नव्हता; प्रोग्रामरांनी तो खटपट करून शोधला आणि १९९४मध्ये मासिकात छापला. आजही एका कोअरमागे, म्हणजे चिपमधल्या एका स्वतंत्र प्रोसेसरमागे, काउंटर असतात मोजकेच, पण मोजता येण्याजोग्या घटना शेकड्यांनी.

संध्याकाळी दादरच्या पुलावर मोजणीला चार पोरं उभी केली आहेत असं समजा. कुणी छत्रीवाले मोजायचे, कुणी फुलांच्या टोपल्या, हे आधी सांगावं लागतं. प्रोसेसरमध्ये हे सांगणं म्हणजे काउंटरला घटनेचा क्रमांक देणं. 'पूर्ण झालेली इन्स्ट्रक्शन' (प्रोसेसरला दिलेली एक आज्ञा) मोजायची तर इंटेलच्या चिपला हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत, 'सी०' सांगायचं, आर्मच्या चिपला '०८'. आता पोराला म्हणा, दर हजाराव्या छत्रीवाल्याला थांबव आणि कुठून आलास ते विचार. प्रोग्रामचा नेमका कोणता भाग वेळ खातोय हे पर्फसारखा प्रोफायलर असंच शोधतो: काउंटर भरला की इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवणारा इशारा, येतो आणि त्या क्षणी कोणती ओळ चालू होती याची नोंद होते. फक्त "अहो, थांबा!" म्हणेपर्यंत माणूस चार पायऱ्या उतरलेला असतो. तसाच ठपका खऱ्या ओळीऐवजी पुढच्या ओळीवर जातो. याला 'स्किड' म्हणतात, आणि तो कमी करायला काही चिपमध्ये वेगळी सोय असते.

तेव्हा पर्फसारख्या साधनाला नव्या प्रोसेसरची ओळख करून देणं म्हणजे बरंचसं तक्ता भरण्याचं काम. चिप आपली ओळख काय सांगते, तिच्यात काउंटर किती, कोणत्या घटनेचा क्रमांक कोणता. ऐकायला कारकुनी वाटतं. मला मात्र हे नवा कोड लिहिण्यापेक्षा जोखमीचं वाटतं. कोड चुकला तर प्रोग्राम कोसळतो, निदान कळतं तरी. इथे क्रमांक चुकला तर काहीच कोसळत नाही. आकडा येतो, पटण्यासारखा असतो, आणि माणूस आठवडाभर भलत्याच ठिकाणी सुधारणा करत बसतो.

म्हणून उत्तर आधीच माहीत असलेले छोटे प्रोग्राम चालवून तपासावं लागतं. चार इन्स्ट्रक्शनची फेरी एक कोटी वेळा फिरवली, तर काउंटरने चार कोटींच्या आसपास सांगायला हवं. कॅशचं, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचं, तपासणं जास्त चिवट. कॅशमध्ये मावणार नाही इतकी मोठी यादी घेतली आणि ६४-६४ बाइटच्या उड्या मारत ओळीने वाचली, तरी कॅश मिस (हवा तो डेटा कॅशमध्ये न सापडणं) अपेक्षेपेक्षा कमी दिसू शकतात. क्रमांक चुकला असं वाटतं; प्रत्यक्षात प्रोसेसरने वाचनाची चाल ओळखून पुढचा डेटा आधीच आणून ठेवलेला असतो. त्याला चकवायला उड्या वेड्यावाकड्या माराव्या लागतात.

एवढं करूनही चिपच खोटं बोलू शकते. इंटेलच्या सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज आणि हॅसवेल या पिढ्यांत हायपरथ्रेडिंग (एकाच कोअरवर दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन प्रवाह, एकदम चालवण्याची सोय) चालू असताना मेमरीच्या काही घटना मोजल्या, की एका थ्रेडच्या मोजणीने त्याच कोअरवरच्या दुसऱ्या थ्रेडचा काउंटर बिघडायचा. तक्ता बिनचूक असूनही आकडा चूक. शेवटी २०१५मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्येच त्यावर तोडगा घालावा लागला.

आता आपल्याकडेही चिप घडतायत. पवईच्या आयआयटीचा 'अजित' हा प्रोसेसर स्पार्क या इन्स्ट्रक्शन-पद्धतीचा. मद्रास आयआयटीचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या, खुल्या पद्धतीचे. रिस्क-फाइव्हच्या नियमांत सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) आणि इन्स्ट्रक्शन यांचे काउंटर ठरलेले आहेत. त्यापलीकडे २९ काउंटरांची जागा आहे, पण त्यांत काय मोजायचं आणि कोणत्या क्रमांकाने, हे बहुतांशी चिप बनवणाऱ्यावर सोडलंय. म्हणजे तो तक्ता खात्रीने लिहू शकतील ते डिझाइन करणारेच. चिपसोबत तो तपासणीच्या प्रोग्रामांसकट आला, तर बाहेरच्यांना १९९४ची खटपट पुन्हा करावी लागणार नाही.