आर्सेनिक विश्लेषणातील पृष्ठक्रियाकारके

पाण्यातील लेशमात्र आर्सेनिक मोजण्याआधी ते थोड्या आकारमानात गोळा करण्यासाठी, किंवा मोजणीतील संकेत वाढविण्यासाठी, साबणासारख्या पदार्थांचा केलेला उपयोग. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. साध्या ज्वाला अणुशोषण पद्धतीला ती पातळी गाठता येत नाही.

सर्वाधिक रुळलेली रीत क्लाउड पॉइंट (ज्या तापमानाला पृष्ठक्रियाकारकाचे द्रावण गढूळ होते तो बिंदू) निष्कर्षणाची. तिचा आरंभ सामान्यतः वातानाबे व तानाका यांच्या जस्तावरील १९७८ च्या निबंधापासून धरतात. पण जपानी भाषेतील संबंधित काम त्याआधीचे असल्याने १९७० च्या दशकाचा मध्य म्हणणे अधिक सुरक्षित. आर्सेनिकासाठी आम्लधर्मी नमुन्यात अमोनियम पायरोलिडीन डायथायोकार्बामेट (आर्सेनिकाशी जटिल संयुग बनविणारा पदार्थ) व ट्रायटन एक्स-११४ हे पृष्ठक्रियाकारक मिसळून द्रावण कोमट करतात. ट्रायटन एक्स-११४ चा क्लाउड पॉइंट सुमारे २३ ते २५° से. असल्याने द्रावण लगेच गढूळ होते. अपकेंद्रणानंतर तळाशी दाट थेंब उरतो आणि आर्सेनिकाचे जटिल संयुग त्यात उतरते. थेंब चिकट असल्याने आम्लयुक्त मिथेनॉलाने पातळ करून तो मोजणीसाठी अणुशोषण उपकरणाच्या ग्राफाइट भट्टीत सोडतात.

द्रावण गढूळ का होते, यावर मतभेद आहेत. तापमानाबरोबर पृष्ठक्रियाकारकाच्या रेणूतील इथिलीन ऑक्साइड साखळ्यांभोवतीचे पाणी सुटत जाते, हे बहुतेकांना मान्य आहे. त्यापुढे एक पक्ष मिसेल (पृष्ठक्रियाकारकाच्या रेणूंचे सूक्ष्म पुंजके) लांबत जाऊन धाग्यासारखे होतात असे मानतो. दुसऱ्याच्या मते मिसेलांचा आकार फारसा बदलत नाही, त्यांच्यातील आकर्षण मात्र वाढते. साखळीच्या लांबीनुसार दोन्ही घडते, हे मत निरीक्षणांशी अधिक जुळते: सहा एककांच्या साखळीचे मिसेल ठळकपणे वाढतात, आठ एककांचे फारसे वाढत नाहीत.

डायथायोकार्बामेट त्रिसंयुजी आर्सेनिकाशीच बांधले जाते. पंचसंयुजी रूपाचे एल-सिस्टीन किंवा थायोसल्फेटाने क्षपण करून (त्रिसंयुजी रूपात आणून) एकूण आर्सेनिक मोजतात आणि त्यातून त्रिसंयुजी वजा करून पंचसंयुजीचे प्रमाण काढतात. बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील ऑक्सिजनविरहित भूजलात त्रिसंयुजी रूप बहुधा प्रबळ असते. तेथे जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची वजाबाकी होते व उत्तरातील चूक फुगते. नमुना बाटलीत असतानाच ऑक्सिडीभूत झाला, तर मोजणी कितीही काटेकोर असली तरी उपयोग होत नाही.

आर्सेनिकाचे आर्सीन (आर्सेनिक व हायड्रोजन यांचे संयुग) या वायूत रूपांतर करून मोजण्याच्या पद्धतीत मिसेल व पुटिकांचा (डायडोडेसिल डायमिथिल अमोनियम ब्रोमाइड या पृष्ठक्रियाकारकाच्या सूक्ष्म पोकळ पिशव्यांचा) उपयोग स्पेनमधील ओव्हिएदो येथील सांझ-मेडेल यांच्या गटाने अभ्यासला.

ट्रायटन मालिका ऑक्टिलफिनॉल इथॉक्सिलेट वर्गातील असून युरोपीय संघात ४ जानेवारी २०२१ पासून या वर्गाच्या वापरास सामान्यतः परवानगी लागते. वैज्ञानिक संशोधनास सूट आहे.