टेबललँडवर उभे असाल तर कदाचित तुम्ही दरीच्या तळाशी उभे आहात

सप्टेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत भारतातल्या सात नैसर्गिक जागांची भर पडली, त्यात एक आपली, पाचगणी-महाबळेश्वरचे डेक्कन ट्रॅप्स, म्हणजे दख्खनचे लाव्हाचे थर. लगेच ग्रुपवर मेसेज सुरू झाले की पाचगणी जागतिक वारसास्थळ झालं. अजून झालेलं नाही. संभाव्य यादी म्हणजे देशाने "या जागेसाठी आम्ही पुढे प्रस्ताव देऊ" असं कळवणं, त्यानंतर किमान एक वर्ष थांबून मग प्रस्ताव, मग तपासणी, बरंच काम बाकी आहे. पण मला जास्त खटकली ती दुसरी गोष्ट. त्या मेसेजमध्ये लिहिलेलं की लाव्हा पसरून थंड झाला म्हणून टेबललँड, म्हणजे पाचगणीचं ते माथ्यावरचं पठार, एवढं सपाट आहे. हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय, मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो.

लाव्हा आहेच. वाईहून पसरणी घाट चढताना डोंगरात आडव्या पायऱ्या पायऱ्या दिसतात ना, ती प्रत्येक पायरी म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थर. 'ट्रॅप' हे नावच मुळात जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून पडलंय. पण घाट संपवून टेबललँडवर गेलात की पायाखाली बघा, घाटातला काळा कातळ गायब असतो आणि तांबडा, भोकाभोकांचा, हाताला खरखरीत दगड लागतो. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, हा जांभा. ज्याचे चिरे काढून घरं बांधतात तोच.

हा जांभा वरून कुठून येऊन बसला नाही, त्या काळ्या दगडाचाच, म्हणजे बेसॉल्टचाच झालाय, आणि तो केलाय पावसाने. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी लाखो वर्षं दगडात मुरत राहिलं की बेसॉल्टमधलं एकेक द्रव्य धुऊन नेतं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी जातात, मग सिलिकाही निघून जाते, जी बेसॉल्टमध्ये वजनाने जवळपास निम्मी असते. मागे राहतं लोह आणि ॲल्युमिनियम, कारण त्यांची ऑक्साइडं पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. म्हणजे जांभा हा गंजलेला डोंगर आहे, शब्दशः, लोखंडाच्या गजावर जो तांबूस थर येतो तीच रासायनिक जातकुळी, हेमॅटाइट आणि गोथाइट ही लोहाची खनिजं. ॲल्युमिनियम आधी केओलिन मातीत असतं आणि सिलिका आणखी गेली की गिब्साइट बनतं, हे गिब्साइट पुरेसं साठलं की त्याला आपण बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज म्हणतो, कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यांवर ज्याच्या खाणी आहेत.

आता खरी गंमत, मला सगळ्यात आवडणारी. लोह विरघळत नाही म्हटलं ते अर्धंच खरं आहे. लोहाची दोन रूपं, फेरस आणि फेरिक. पावसाळ्यात दगड पाण्याने गच्च भरला की आत ऑक्सिजन पोचत नाही, तेव्हा लोह फेरस रूपात विरघळून पाण्याबरोबर चालायला लागतं, आणि उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरली, हवा आत शिरली की तेच लोह फेरिक होऊन जिथे असेल तिथे घट्ट बसतं. दरवर्षी थोडं विरघळायचं, थोडं सरकायचं, पुन्हा बसायचं. यातून कणाकणाच्या मधे लोहाचं सिमेंट भरत जातं. फ्रान्सिस बुकानन याने केरळातल्या अंगडीपुरम इथे हा दगड पाहिला, जमिनीत असेपर्यंत हत्याराने कापता येतो आणि हवेवर ठेवला की कडक होतो, म्हणून १८०७ साली त्याने लॅटिन भाषेतल्या विटेच्या शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिलं. चिरेखाणीवरच्या कामगाराला हे आधीपासूनच माहीत होतं.

मग प्रश्न येतो, पाण्याबरोबर सरकणारं लोह जाणार कुठे? उतारावरून खाली, दरीत. २००८ साली क्लिफ ऑलियर आणि हेतु शेठ या भूवैज्ञानिकांनी नेमकं हे मांडलं की सह्याद्रीच्या माथ्यावरचे हे टणक थर जुन्या दऱ्यांच्या तळाशी तयार झाले असावेत. आजूबाजूच्या उतारांवरून लोह येऊन तळाला साठलं, तळ सिमेंटसारखा घट्ट झाला, मग त्यानंतरच्या पावसाने बाजूचे तुलनेने मऊ डोंगर झिजवले पण हा तळ काही झिजेना, आणि शेवटी दरीचा तळ उंच राहिला, डोंगर संपले. याला उलटलेलं भूरूप म्हणतात. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही, काहींच्या मते हे माथे म्हणजे लाव्हाच्या मूळ वरच्या पृष्ठभागाचेच उरलेले तुकडे आहेत, जागच्या जागी गंजलेले. मला स्वतःला पहिली कल्पना जास्त पटते. दोन्हीत एक गोष्ट समान आहे, सपाटपणा टिकवलाय तो जांभ्याच्या टोपीने.

टेबललँड म्हणजे "आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार" हे मात्र कृपया पुढे पाठवू नका. टेबललँड शंभर एकरांच्या आसपास आहे, आणि ज्या दख्खनच्या लाव्हावर ते उभं आहे तो आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर पसरलाय. तसंच कड्याखालच्या गुहांचं. पांडव राहिले होते असं सांगतात, पण टोपीखालचा मऊ थर पाण्याने पोखरला की वरचा कडक थर छतासारखा उरतो, अशीच त्या गुहांची जडणघडण आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात हात जरूर जोडावेत, पण तिथे बारमाही वाहणारं पाणी "विज्ञानालाही न सुटलेलं कोडं" अजिबात नाही. जांभ्याच्या भोकांतून मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या चिकणमातीवर अडतं आणि बाजूने झऱ्याच्या रूपात बाहेर पडतं, आणि टोपीत साठा मोठा असल्यामुळे उन्हाळ्यातही पाझरतं.

जे धुतलं गेलं त्यात झाडांचं अन्नही गेलं. म्हणून जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाथ्यावर, मोठी झाडं वाढत नाहीत, पावसाळ्यात तेवढी इवलीशी फुलं येतात, आणि त्यात सीतेची आसवं, दवबिंदू यांसारख्या वनस्पती चक्क किडे खाऊन नायट्रोजन मिळवतात. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, त्या फुलांच्या मुळाशी हाच दगड आहे.

महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे झाडं आणि बांधकामं यांची निदान चर्चा तरी होते. दगडाची होत नाही. भूवारशासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवला होता, तेव्हाही आपल्याकडे कुणी फारसं बोललं नाही. तोडलेलं झाड पुन्हा लावता येतं, पण भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून उत्तरेला सरकत असताना ज्या पावसात हा दगड मुरायला लागला असेल तो पाऊस कुठून आणणार?

पुढच्या वेळी गेलात तर घोड्यांच्या गर्दीतून बाहेर पडून कड्याजवळ जा, पण अगदी टोकावर नको, तिथले ठोकळे सुटून खाली पडतात. खाली कृष्णेची दरी दिसेल, धोम धरणाचं पाणी चमकताना दिसेल. ऑलियर आणि शेठ बरोबर असतील तर त्या पाण्याच्या जागी एकेकाळी तुमच्या डोक्याहून उंच डोंगर उभे होते.