खुलासा : लिहिलं की लगेच हलकं वाटतं?

‘मनातलं सगळं कागदावर ओत, लगेच मोकळं वाटेल’ हा सल्ला गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सर्रास दिला जातो. त्यातलं ‘लगेच’ चुकीचं आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं आपल्या आघातांबद्दल लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही मांडणारे लिहून उठले ते अधिकच खिन्न होऊन. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत एकूण परिणाम माफकच निघाला. रामबाण वगैरे काही नाही.

दुसरा घोळ म्हणजे तेच ते महिनोन्‌महिने लिहिणं. समजा, चतुर्थीला भावाने सगळ्यांदेखत पाणउतारा केला. पहिल्या दिवशी ‘तो नेहमी असाच’ एवढंच उतरेल, ठीक आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही ‘कारण’, ‘आता लक्षात येतं’ असे शब्द येत नसतील, तर ते नुसतं उगाळणं झालं. तेव्हा तोच प्रसंग भावाच्या बाजूने लिहून पाहा.

शुद्धलेखन सोडा, मराठीत कोंकणी मिसळली तरी बिघडत नाही. वही घरच्यांच्या हाती लागेल या धास्तीने माणूस हातचं राखून लिहितो, म्हणून कागद फाडायची मुभा आधीच ठेवा.

घाव अगदी ताजा असेल तर काही आठवडे थांबा. लिहिताना सोसवेनासं झालं तर विषय बदला किंवा पेन खाली ठेवा. झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर वही पुरेशी नाही: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे.